पाणी पाक आहे; पण ते पिण्याजोगे आहे काय?



सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने आकाशातून पाणी उतरविले आणि मेलेल्या जमिनीला पुन्हा जिवंत केले. दरूद व सलाम असो त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.

मराठी भाषेत पाण्याला ‘जीवन’ असाही एक शब्द आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अल-अंबियामध्ये अल्लाहने सांगितले आहे की प्रत्येक सजीव वस्तू त्याने पाण्यापासून घडविली. सूरह अल-वाकिआमध्ये तो आपल्याला विचारतो की जे पाणी तुम्ही पिता त्याकडे कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? ते ढगांतून तुम्ही उतरविले की आम्ही? आम्ही इच्छिले असते तर ते खारट-कडू करून टाकले असते. मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही? या आयती आपण अनेकदा ऐकतो. परंतु पाण्याकडे ‘पाहण्याची’ जी आज्ञा त्यांत दडलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आज त्याच आज्ञेला अनुसरून आपण आपल्या घरातील नळाच्या पाण्याकडे थोडे निरखून पाहू या.

उन्हाळा सरत आला की अनेक शहरांत नळाच्या पाण्याला हिरवट झाक येते. कधी रंग दिसत नाही, पण ओल्या मातीसारखा कुबट वास येतो. अशा दिवसांत मशिदींतून एक प्रश्न हमखास विचारला जातो की या पाण्याने वजू होतो काय? प्रश्न विचारणाऱ्याचे ईमान जागे आहे, म्हणूनच तो विचारतो. त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे.

मदरशात फिकहचा पहिला धडा तहारतचा, म्हणजे पावित्र्याचा असतो, आणि त्याचा आरंभ पाण्यापासूनच होतो. फुकहांनी पाण्याचे तीन गुण सांगितले आहेत, ते म्हणजे रंग, चव आणि वास. नजासत, म्हणजे अपवित्र वस्तू, पडून यांपैकी एखादा गुण पालटला तर ते पाणी नापाक ठरते. परंतु पाणी फार काळ साठून राहिल्यामुळे किंवा त्यात आपोआप शेवाळ उगवल्यामुळे रंग वा वास बदलला असेल, तर ते पाणी पाकच राहते आणि त्याने वजू व गुस्ल दोन्ही होतात. शेवाळाला अरबीत ‘तुहलुब’ म्हणतात, आणि फिकहच्या ग्रंथांत त्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. ज्या गोष्टीपासून पाणी वाचविणे माणसाच्या आवाक्यात नाही, तिच्यासाठी शरीअतने माणसाला अडचणीत टाकलेले नाही. घाटावरचे आपले हनफी बांधव असोत वा कोकणातील शाफई बांधव, या मसल्यात दोघांचे उत्तर एकच आहे. म्हणून मनात वसवसा, म्हणजे शंकेचे काहूर, आणू नका. केवळ शेवाळाने हिरवट झालेल्या पाण्याने केलेला वजू दुरुस्त आहे. मात्र त्याच पाण्यात गटाराचे पाणी मिसळून वास-रंग पालटल्याचे स्पष्ट दिसत असेल, तर हुकूमही पालटतो.

येथे बहुतेकांचे समाधान होते. तथापि, प्रिय वाचकहो, येथेच थांबणे धोक्याचे आहे. कारण ‘पाक’ असणे आणि ‘पिण्याजोगे’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूरह अल-बकरामध्ये अल्लाहने सर्व मानवांना आज्ञा दिली आहे की जमिनीवर जे हलाल आणि तय्यिब आहे ते खा. हलाल म्हणजे वैध. तय्यिब म्हणजे स्वच्छ, उत्तम, देहाला हितकर. दोन शब्द आले आहेत, कारण दोन कसोट्या आहेत. शाफई फुकहांनी तर उष्ण प्रदेशात धातूच्या भांड्यात उन्हाने तापलेले पाणी अंगाला वापरणे मकरूह म्हटले, आणि कारण दिले ते अपायाच्या भीतीचे. पाणी पाक होते, तरीही आरोग्याचा प्रश्न त्यांनी वेगळा विचारला.

आता हे हिरवे काय असते ते समजून घेऊ. ज्याला आपण शेवाळ म्हणतो, त्यातील एक प्रकार नील-हरित शैवालाचा आहे. वास्तविक तो एक प्रकारचा जीवाणू आहे, पण वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर वाढतो. पाणी संथ असावे, ऊन कडक असावे आणि पाण्यात नत्र व स्फुरद यांची रेलचेल असावी. एवढे जुळून आले की काही दिवसांत सबंध जलाशयावर रंगाचा डबा ओतावा तसा हिरवा थर पसरतो. यांतील प्रत्येक शैवाल विषारी नसते. परंतु मायक्रोसिस्टिस नावाच्या शैवालासारख्या काही जाती ‘मायक्रोसिस्टिन’ हे विष तयार करतात, आणि ते थेट यकृतावर आघात करते. जागतिक आरोग्य संघटनेने नित्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा १ लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी सूक्ष्म ठेवली आहे.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचे शहर आहे. ईरी या विशाल सरोवराच्या पश्चिम टोकाशी ते वसले आहे आणि त्याच सरोवराचे पाणी पिते. तेथे मुस्लिम कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. २ ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे त्या शहराने आपल्या रहिवाशांना कळविले की नळाचे पाणी पिऊ नका आणि ते उकळूही नका. सरोवरावर पसरलेल्या शैवालाचे विष शुद्धीकरण केंद्र ओलांडून पाण्यात उतरले होते. ४ लाखांहून अधिक लोक त्या पाण्यावर अवलंबून होते. दुकानांतील बाटल्या काही तासांत संपल्या, लोक दूरदूरच्या गावांना पाण्यासाठी धावले, सैनिकांना पाणी वाटावे लागले. ४ ऑगस्टला सूचना मागे घेतली गेली. जगातील गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एकाच्या काठावर राहणारे लोक जवळजवळ तीन दिवस घोटभर पाण्यासाठी रांगेत उभे होते. सूरह अल-मुल्कच्या शेवटच्या आयतीत अल्लाह विचारतो की तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? टोलेडोचे पाणी तर जमिनीत उतरलेही नव्हते. ते डोळ्यांसमोर होते, अथांग होते, आणि तरीही ओठांना लावता येत नव्हते.

‘उकळूही नका’ ही सूचना विशेष लक्षात ठेवा. आपल्या माताभगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला उपाय म्हणजे पाणी उकळणे. कावीळ, हगवण, विषमज्वर यांच्या जंतूंसाठी तो उत्तमच आहे आणि तो सोडू नये. परंतु शैवालाचे हे विष उकळण्याने नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरते आणि वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते. ब्राझील देशातील कारुआरू या शहरात १९९६ साली रक्तशुद्धीकरणाच्या, म्हणजे डायलिसिसच्या, केंद्रात अशा विषाचे पाणी वापरले गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. दूषित पाण्याची किंमत सर्वांत आधी दुर्बळांना चुकवावी लागते. त्यांत आजारी माणूस असतो, तान्हे मूल असते आणि ज्याच्याकडे बाटली विकत घेण्याचे पैसे नाहीत तो गरीबही असतो.

ही दूरदेशीची कथा म्हणून बाजूला ठेवू नका. आपल्या महाराष्ट्रात भीमा नदीवर, सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, उजनीचे धरण आहे. सुमारे ११७ टीएमसी पाणी सामावणारा हा जलाशय सोलापूर शहराची तहान भागवितो. काही पाणी थेट जलवाहिनीने येते, काही भीमेच्या पात्रातून. आता वर पाहा. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे व पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतून वाहत येतात आणि शेवटी भीमेला मिळतात. त्या नद्यांबरोबर लाखो घरांचे सांडपाणी येते, त्यातील काही शुद्ध केलेले, काही तसेच. वाटेत उसाच्या मळ्यांतून वाहून गेलेले खत येते. हे सर्व उजनीच्या संथ पाण्यात येऊन विसावते. उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्या पातळीखाली गेला की थोड्या पाण्यात तीच घाण दाट होते, वरून ऊन तापते आणि पाणी हिरवे पडते. काठच्या गावांना हे दृश्य नवीन नाही. मराठीत म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आज ती उलटी फिरवून म्हणावे लागते की आडात जे आहे तेच पोहऱ्यात येणार.

शैवालाला खरोखर कशाने बळ मिळते, याचा एक डोळ्यांना दिसणारा पुरावा शास्त्रज्ञांनी दिला आहे. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९७३ साली एका लहान सरोवराच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले गेले. दोन्ही भागांत नत्र आणि कार्बन सारखेच टाकले. एका भागात मात्र स्फुरदही टाकले. स्फुरद पडलेली बाजू हिरवीगार झाली, दुसरी बाजू निर्मळ राहिली. आकाश तेच, ऊन तेच, पाऊस तोच; फरक होता तो माणसाच्या हाताने टाकलेल्या वस्तूचा. सूरह अर-रूममध्ये अल्लाहने सांगितले आहे की लोकांच्या हातांच्या कमाईमुळे जमिनीवर आणि समुद्रात बिघाड माजला, जेणेकरून त्यांना त्यांच्या काही कर्मांची चव चाखविली जावी, कदाचित ते परत फिरतील. ‘चव चाखविणे’ हा शब्द नळाला तोंड लावणाऱ्याने तरी विसरू नये. आणि आयतीचा शेवट शिक्षेवर नव्हे, तर परत फिरण्याच्या आशेवर झाला आहे, हेही विसरू नये.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी साठलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यात लघवी करण्यास मनाई केली. पाणवठ्यावर, रस्त्यात आणि सावलीच्या जागी शौच करणे या शापाला कारण होणाऱ्या गोष्टी आहेत, असे बजावले. सबंध नगराचे मलमूत्र एका साठलेल्या पाण्यात सोडणे या मनाईबाहेर कसे राहील? एका माणसाने केले तर गुन्हा, आणि लाखोंनी नळ्यांतून केले तर व्यवस्था, असा न्याय शरीअतमध्ये नाही. दुसऱ्याला अपाय करू नये आणि अपायाच्या बदल्यात अपायही करू नये, हे प्रेषितवचन तर इस्लामी कायद्याच्या पायाभूत तत्त्वांपैकी आहे.

मदीनेत पाटाच्या पाण्यावरून एक तंटा उद्भवला होता. हजरत जुबैर (रजि.) यांचे शेत वरच्या अंगाला होते आणि एका अन्सारी शेजाऱ्याचे खाली. प्रेषित (स.) यांनी प्रथम एवढेच सांगितले की आपल्या शेताला पाणी द्या आणि मग ते शेजाऱ्याकडे सोडा. वरच्याचा हक्क मान्य झाला, पण त्या हक्काला खालच्याच्या वाट्याची जबाबदारी जोडली गेली. नदीच्या वरच्या अंगाला राहणारा माणूस पाण्याचा मालक नसतो. त्याच्या हातून पाणी पुढे जायचे असते. आणि पुढे सोडायचे ते पाणीच असले पाहिजे, घाण नव्हे.

सहीह बुखारीतील जहाजाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. चिठ्ठ्या टाकून काही प्रवासी वरच्या मजल्यावर बसले, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. ते म्हणाले की आपल्याच वाट्याच्या भागात एक छिद्र पाडले तर वरच्यांना त्रास होणार नाही. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील आणि त्यांचे हात धरले तर सगळेच वाचतील. या हदीसमधील एक बारकावा पाहा. छिद्र पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना फक्त आपली सोय हवी होती, तीही दुसऱ्याला त्रास न देता. आज नदीत जे जाते तेही कोणाच्या शत्रुत्वातून जात नाही. ते आपल्या सोयीतून जाते. आपण मोरीतून ओततो, डोळ्यांआड करतो आणि म्हणतो की माझ्या वाट्याच्या फळीत मी काय करतो याचा दुसऱ्याशी काय संबंध?

तेव्हा आपले कर्तव्य काय? प्रथम आपले घर. पाणी हिरवट दिसत असेल वा उग्र वास येत असेल, तर ते पिऊ नका, तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू नका, जनावरांनाही पाजू नका. महापालिकेला ताबडतोब कळवा. साध्या गाळणीवर किंवा उकळण्यावर या विषापुरता भरवसा ठेवू नका. घरात डायलिसिसचा वा यकृताचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारा. कित्येक दिवसांआड पाणी येते तेथे पिंपे आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. उघड्या, उन्हातल्या टाकीत शेवाळ घरच्या घरी वाढते. प्रेषित (स.) यांनी रात्री भांडी झाकण्याची आणि मशकांची तोंडे बांधण्याची आज्ञा दिली होती; झाकलेली, सावलीतील, वेळोवेळी घासलेली टाकी म्हणजे त्या सुन्नतचेच पालन आहे. वजू करता करता त्वचेला खाज वा पुरळ येत असेल आणि दुसरे पाणी मिळत नसेल, तर जाणकार डॉक्टर आणि आलिम यांना विचारा. पाण्याच्या वापराने अपाय होत असेल तर अल्लाहने तयम्मुमची सवलत ठेवली आहे. जीव धोक्यात घालणे ही इबादत नव्हे.

दुसरे, आपला हात. धुण्याच्या काही पावडरींत फॉस्फेट, म्हणजे स्फुरदच असते; मापाने वापरा. बकरी ईदच्या दिवशी रक्त आणि आतडी गटारात वा ओढ्यात सोडणे ही कुर्बानीची सांगता नव्हे. ती ठरवून दिलेल्या जागीच गेली पाहिजेत. जे बांधव शेती करतात त्यांनी माती तपासून, गरजेपुरतेच खत द्यावे. प्रेषित (स.) यांचा वजू एका मुद्दमध्ये, म्हणजे आजच्या मापात फार तर लिटरभर पाण्यात, होत असे. आपण नळ सोडून ठेवतो तेव्हा शुद्ध पाणीही तेवढेच सांडपाणी होऊन पुढे जाते.

तिसरे, आपली जीभ. पाणी हिरवे झाले की मोबाईलवर ‘विष कालवले’ अशा आवया उठतात, कधी एखाद्या समाजाकडे बोट दाखविले जाते. सूरह अल-हुजुरातने बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा दिली आहे. खात्री न करता संदेश पुढे ढकलू नका. आणि खात्री झाल्यावर गप्पही बसू नका. पाण्याची तपासणी होते काय, शैवालाच्या विषाची होते काय, सांडपाण्याची केंद्रे पूर्ण क्षमतेने चालतात काय, हे प्रश्न सनदशीर मार्गाने, सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन विचारले पाहिजेत. चंद्रभागेत स्नान करणारा वारकरीही तीच भीमा डोक्यावर घेतो. जहाज एकच आहे.

चौथे, आपला सदका. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईच्या नावे कोणते दान उत्तम होईल असे विचारले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी पाण्याचे दान सांगितले. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. आपण मशिदीबाहेर थंड पाण्याचे यंत्र बसवितो, ही पुण्याचीच गोष्ट आहे. परंतु त्या यंत्राच्या पाण्याची वर्षातून दोनदा तपासणी करून घेणे, मोहल्ल्यातील गळकी गटारवाहिनी दुरुस्त करून घेणे, वजूचे पाणी गटाराऐवजी झाडांकडे वळविणे, हेही सदका-ए-जारियाच आहे.

निराश होण्याचे कारण नाही. ज्या ईरी सरोवराची कथा वर सांगितली, ते गेल्या शतकाच्या सातव्या दशकात इतके घाण झाले होते की लोक त्याला मेलेले सरोवर म्हणत. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, सांडपाण्यातील आणि साबणांतील स्फुरद कमी केले, आणि काही वर्षांत पाणी पुष्कळसे निवळले. पुढे शेतांतून वाहून येणाऱ्या खताकडे दुर्लक्ष झाले आणि हिरवा थर परतला. तौबाचाही नियम असाच आहे. परत फिरणाऱ्याला अल्लाह स्वच्छ करतो. परंतु तौबा करून पुन्हा बेफिकीर झालेल्याच्या हृदयावर तोच थर पुन्हा चढू लागतो. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये म्हटले आहे की माणसांच्या कमाईने त्यांच्या हृदयांवर गंज चढला. हृदय असो वा जलाशय, त्यात रोज काय सोडले जाते यावर त्याचा रंग ठरतो.

हे अल्लाह, आम्हाला हलाल आणि तय्यिब रोजी दे. आमच्या नद्या, तलाव आणि विहिरी निर्मळ कर, आणि त्या निर्मळ ठेवण्याची सद्बुद्धी व बळ आम्हाला दे. आमच्या हातून खालच्या अंगाला राहणाऱ्या कोणाच्याही ओंजळीत घाण जाऊ देऊ नकोस. आमीन.